नाथसागर-गौताळा सहली: झाडं लावून फोटो काढण्यापलीकडे काय करता येईल?

वेरूळवाट

मंडळी, नमस्कार. संभाजीनगरहून अजिंठा-वेरूळच्या सहली काढणारी आमची छोटी कंपनी आहे. येत्या नोव्हेंबरपासून त्यांना नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) आणि गौताळा अभयारण्य जोडायचा विचार चाललाय. मार्चअखेरपर्यंत साधारण ६० फेऱ्या होतील, फेरीला १२ माणसं. माणशी २०० रुपये निसर्गासाठी वेगळे काढायचे ठरलंय, म्हणजे ७२० माणसांचे १,४४,००० झाले.

या पैशाचं काय करायचं यावर भागीदारांची यादी अशी: जूनमध्ये वृक्षारोपण, पाहुण्यांना रोहित पक्षी छापलेले टी-शर्ट आणि पैठणच्या वाटेवर 'पक्षी वाचवा' असा मोठा फलक. यादी मला पटत नाही, पण तिच्याऐवजी काय, ते नेमकं सांगताही येत नाही. एवढ्याच रकमेत काय बसेल ते सांगा. शाळांसाठीही काही करायचंय, तिथं तर अगदी मुळापासून सांगा.

माळटिटवी

वृक्षारोपण आधी खोडा. आपल्याकडे जी 'मोकळी पडलेली जागा' दिसते ती बऱ्याचदा चांगलं माळरान असते. तिथं खड्डे खणून गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावली की काही वर्षांत सावली धरते, खालचं पवन्या-मारवेल-डोंगरी गवत मागे हटतं आणि जमिनीवर घरटं करणारे धाविक, चंडोल, माळटिटव्या जागा सोडतात. काळविटाला लांबून धोका दिसायला हवा असतो, त्यालाही दाट झाडी नको. झाडं लावायचीच असतील तर अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात ती जागा कशासाठी ठरवलीय ते वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आराखड्यात नसेल तर विषय तिथंच संपतो.

माळासाठी खर्चच करायचा असेल तर जाळरेषेला, म्हणजे वणवा अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्याला, मजूर द्या. गवत वाळायला लागलं की रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेनं पट्टा कापून, कापलेलं गवत उचलून तो मोकळा करावा लागतो. पट्टा जाळायचं काम खात्याचं, तिथं आपण हात घालायचा नाही. चूक होते ती कापलेलं गवत तिथंच टाकण्यात. वाळून ते उभ्या गवतापेक्षा लवकर पेटतं.

टी-शर्टबद्दल एवढंच, की पांढरे टी-शर्ट घालून काठावर उभी राहिलेली १२ माणसं म्हणजे १२ बुजगावणी.

पाणकावळा

नाथसागरचं मी सांगतो, कारण तिथं सहली काढणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक जाहिरातीतच होते. 'डिसेंबरात हजारो रोहित' असं छापतात. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चोच उलटी घालून चरतो. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला ती चिखलाची कड पाण्याखालीच असते, मग रोहित दुसरीकडं चरतात. सिंचनाची आवर्तनं सुटून पाणी जसं उतरतं तशी कड उघडी पडते आणि पक्षी दिसायला लागतात. म्हणून फेरीच्या आदल्या दिवशी धरणाची पातळी बघा आणि कुठल्या काठावर जायचं ते त्यावरून ठरवा. पाहुण्यांना रोहितचं वचन देऊ नका. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, पट्टकदंब, नदी सुरय, चित्रबलाक यांच्यावरही चांगली सकाळ जाते. वचन दिलं की ड्रायव्हर ते पाळायला गाडी चिखलात घालतो, आणि तिथून पुढचं सगळं बिघडतं.

काय बिघडतं तेही सांगतो. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली सपाट जमीन म्हणजे गाडीसाठी तयार मैदानच वाटतं. त्याच जमिनीवर फेब्रुवारी-मार्चपासून नदी सुरय, आर्ली, टिटव्या, चिखले अंडी घालतात. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, अंडी मातीच्या रंगाची. दहा फुटांवरून माणसाला दिसत नाहीत, चाकाला तर नाहीच. फेब्रुवारीपासून गाडी कच्च्या रस्त्यावरच थांबवायची आणि पुढं एका रांगेत, एकाच पायवाटेनं चालत जायचं.

थव्याजवळ जाताना मीटर मोजत बसण्यापेक्षा पक्ष्यांच्या माना बघा. चरणाऱ्या थव्यातल्या काहींनी माना वर केल्या की तुम्ही आधीच जास्त पुढं गेलात. तिथंच थांबायचं, चार-पाच मिनिटं हलायचं नाही. पुन्हा चरायला लागले तर ठीक, नाही तर मागं फिरायचं. थवा उठवून उडतानाचा फोटो घेणं मात्र सरळ बंद करा. सकाळच्या खाण्याच्या वेळी थवा दोन-तीनदा उठला की लांब पल्ल्यावरून आलेल्या पक्ष्याची कमाई तिथंच संपते.

आणि पैशाची गोष्ट मागं ठेवली तरी तुमच्याकडं एक भांडवल आहे, जे संशोधकांकडंही नसतं: एकाच जागी एकाच हंगामात ६० वेळा जाणं. तीन जागा पक्क्या करा. दरवेळी त्याच जागी, साधारण त्याच वेळी, १५ मिनिटं उभं राहून दिसलेली प्रत्येक जात आणि तिची संख्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. फक्त 'भारी' पक्षी टिपून ठेवले तर त्या नोंदीचा फारसा उपयोग नाही. साधा वारकरी पक्षी आणि घारसुद्धा त्यात हवी. पातळी किती फूट होती ते शेऱ्यात लिहा. पाच वर्षांनी कुठल्या पातळीला कुठले पक्षी येतात हे त्यातूनच कळेल. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात याच जागा जोडून टाका.

गाळपेर_पैठण

वाचलं सगळं. पण त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर आम्ही गाळपेर करतो, ते कुणीच लिहीना. जमीन जलसंपदाची, अभयारण्य वनखात्याचं आन् नांगर आमचा. टरबूज, खरबूज, चाऱ्याची मका, पाणी हटंल तसं पेरत जातो. तुमचे पाहुणे पेरलेल्या पट्ट्यातून तिपाई घेऊन चालायलेत, त्याचं कोण बोलणार? पहिलं काम हे करा: कोणत्या बांधानं जायचं ते आधी ज्याचा पट्टा हाय त्याला विचारा.

घरट्याचं म्हणाल तर टिटवीचं घरटं नांगरणाऱ्याला दिसतंच, ती डोक्यावर ओरडत फिरत असते. एवढा तुकडा सोडायला कुणाची ना नाही. पण ट्रॅक्टर तासाच्या भाड्यावर आलेला असतो, तो वळवून घ्यायला डिझेल लागतं आन् सोडलेल्या जागेचं पीकही जातं. कामून सोडावं फुकट?

पाणकावळा

दादा, बरोबर आहे, माझ्याकडून राहिलंच. वेरूळवाट, निधीतला एक हिस्सा इथंच लावा, पण नीट विचार करून.

घरट्यामागे पैसे देण्याची पद्धत चांगली आहे, पण दोन ठिकाणी फसते. पहिलं म्हणजे खूण. लोक घरट्यापाशीच काठी रोवून लाल फडकं बांधतात. कावळा आणि कुत्रा दोघंही ती खूण दोन दिवसांत शिकतात. म्हणून खूण घरट्यापासून पाच-सहा फुटांवर, नांगराच्या येण्याच्या दिशेनं, आणि फडक्याऐवजी दोन दगड एकावर एक. दुसरं म्हणजे पैसे अंडी दिसल्याबरोबर दिले की काही जण अंडी उचलून सोयीच्या जागी मांडतात, आणि उचललेली अंडी बहुतेक वाया जातात. त्यामुळं अर्धी रक्कम सापडल्यावर, अर्धी पिल्लं निघाल्यावर. पुरावा म्हणजे १५ फुटांवरून मोबाइलवर काढलेले दोन फोटो. जवळ जाऊन काढलेला फोटो आला तर त्याचे पैसे नाहीत, हे आधीच सांगून टाका.

सोडायची जागा चारी बाजूंनी सहा-सात फूट पुरते. मुदतही फार नाही. सुरयची अंडी तीन आठवड्यांत फुटतात, टिटवीची चारेक आठवड्यांत, आणि टिटवीची पिल्लं एक-दोन दिवसांत घरटं सोडून चालू लागतात. त्यानंतर त्या तुकड्यावर नांगर फिरला तरी हरकत नाही. सुरयची वसाहत असेल, म्हणजे एका जागी दहा-पंधरा घरटी, तर घरट्यामागे न देता पूर्ण पट्ट्याचं एकरकमी ठरवा. वसाहतीत घरटी मोजायला फिरणं हाच सगळ्यात मोठा त्रास असतो. उन्हात सुरय उठून गेली तर अंडी काही मिनिटांत भाजून निघतात.

बालाघाटकर

बीड-धाराशिवच्या बाजूनं लिहितो. इकडं वन्यप्राण्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे विहिरीला कठडा. त्याचा फोटो छान येत नाही म्हणून कुणी करत नाही. लांडगा, कोल्हा, तरस, काळवीट, बिबट्या, सगळे रात्री जमिनीसपाट विहिरीत पडतात. उन्हाळ्यात पाणी तळाला असतं, वर यायला पायरी नसते.

मापं देतो, म्हणजे तुम्हाला अंदाजपत्रक करता येईल. विहिरीचा व्यास २० फूट धरा. घेर झाला ६३ फूट. कठडा ३ फूट उंच, ९ इंच जाड, वीटकामात. साधारण २,००० विटा, १:६ मसाल्यासाठी ६ ते ७ पोती सिमेंट, अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी कमी वाळू. गिलावा केलात तर त्याचं सिमेंट-वाळू वेगळं. एक गवंडी आणि दोन मजूर, तीन दिवस. वीट ८ रुपयांनी धरली तर १६,००० विटांचेच होतात, बाकी धरून एक विहीर ३० हजारांच्या आसपास जाईल. भाव तुमच्या गावात विचारून घ्या, मापं मात्र हीच राहतील.

चुका कुठं होतात? एक, विहिरीची कड ढासळलेली असताना तिच्यावरच भिंत चढवतात आणि पहिल्या पावसाळ्यात भिंतच विहिरीत जाते. कडेपासून दीड-दोन फूट मागं पाया घ्या, मुरूम लागेपर्यंत खणा. मागं सरकलात की घेर वाढून ७३ ते ७५ फूट होतो, म्हणजे साहित्यही पाचव्या हिश्शानं वाढवा. दोन, मोटारीचा पाइप आणि केबल यायला जागा ठेवत नाहीत. मग शेतकरी स्वतःच चार विटा काढतो आणि त्या भगदाडातून कोल्हं आत जातं. बांधतानाच ६ इंची पाइपचा तुकडा भिंतीत बसवा. तीन, बिबट्याला ३ फूट काहीच नाही, तो उडी मारून कठड्यावर बसतो. पण अंधारात धावताना थेट आत पडणं थांबतं, आणि बहुतेक अपघात तसेच होतात. चार, विहीर कुणाची ते न बघता काम सुरू करतात. सातबारा बघा, शेतकऱ्याची लेखी संमती घ्या, सामाईक विहीर असेल तर सगळ्या हिस्सेदारांची. भावकीतल्या एका सहीवर सुरू झालेलं काम दुसरा भाऊ थांबवतो.

विटेऐवजी साखळी जाळीही चालते. कडेपासून दोन फूट सोडून ५ फुटी जाळी लावली तर ७५ फूट जाळी आणि ८ फुटांवर एक असे १० लोखंडी खांब. खर्च कमी, पण खांब काँक्रीटमध्ये नसतील तर म्हैस अंग घासून वाकवते.

कुठल्या विहिरी निवडायच्या हे वनरक्षकाला विचारा. पूर्वी जिथून प्राणी बाहेर काढलेत त्या विहिरी त्याला ठाऊक असतात, आणि त्यांच्याच आजूबाजूला पुन्हा पडायची शक्यता जास्त.

रानवाट_जालना

उन्हाळ्यात पाणवठ्यात टँकर टाकायचं कुणी कसं सुचवलं नाही? मराठवाड्यात पहिली गरज पाण्याचीच ना?

बालाघाटकर

गरज आहे, पण टँकर हा प्रकार सुरू करणं सोपं आणि चालू ठेवणं अवघड. हिशेब बघा. १० बाय १० फुटांचा, १ फूट खोल पाणवठा म्हणजे सुमारे २,८०० लिटर. मे महिन्यात दिवसाला १० ते १२ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणजे शंभरेक लिटर, जनावरांनी तोंड लावायच्या आधीच. पाझर असेल तर विचारूच नका. एप्रिलमध्ये सुरू करून मेच्या मध्यात पैसे संपले तर तोवर तिथं सवय झालेली जनावरं सगळ्यात कठीण पंधरवड्यात कोरड्या पाणवठ्यावर येतात. तेव्हा १५ मार्च ते पहिला चांगला पाऊस, एवढ्या सगळ्या फेऱ्यांचे पैसे हातात असल्याशिवाय पहिली फेरी टाकायची नाही.

तळ बशीसारखा हवा, एका बाजूनं हळूहळू उतरणारा. सरळ भिंतीच्या हौदात साळिंदर, सरडे, पिल्लं बुडतात. जागा शेतीपासून निदान अर्धा किलोमीटर आत. शिवाराला लागून पाणवठा केला की रोही (नीलगायी) आणि रानडुकरं तिथंच मुक्काम करतात, पिकं खातात आणि शेवटी त्या पाण्यात कुणीतरी औषध कालवतं. बारमाही पाणी ठेवायचं नाही. पाऊस पडला की बंद.

खडूफळा

शाळांबद्दल मी लिहिते. 'शाळेची सहल फुकट नेली' याला शिक्षण समजू नका. ८० मुलं दोन बसमधून आली, एकाच दुर्बिणीसमोर रांग लावली, वडापाव खाल्ला आणि गेली. हे नको.

एका वर्षी दोनच शाळा घ्या, अभयारण्याला लागून असलेल्या गावांतल्या, जिल्हा परिषदेच्या, सहावी-सातवी. पर्यटक वर्षातून एकदा येतो, ही मुलं तिथंच राहणार आहेत. प्रत्येक शाळेला चार भेटी: वर्गात एक, काठावर दोन, पुन्हा वर्गात एक. काठावरच्या दोन भेटींत निदान महिन्याचं अंतर ठेवा, म्हणजे पाणी किती हटलं आणि पक्षी कसे बदलले ते मुलांना आपोआप दिसतं.

दुर्बिणी ८ बाय ४२ च्या घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या. १० बाय ५० ची जड पडते, मुलांच्या हातात थरथरते आणि काहीच दिसत नाही. दोन मुलांत एक, म्हणजे १६ मुलांच्या गटाला ८ दुर्बिणी. वर्ग मोठा असेल तर गट पाडून दोन दिवस न्या. दहा मुलांमागे एक जाणता माणूस हवाच. काठावर जाण्याआधी शाळेच्या मैदानातच दुर्बीण शिकवा: आधी डोळ्यांनी वस्तू धरायची, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची, मग मधलं चाक फिरवायचं. याला अर्धा तास द्या. तो दिला नाही तर काठावरचा पहिला तास त्यातच जातो. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय दुर्बीण हातात द्यायची नाही. पट्टा नसलेली दुर्बीण पहिल्याच दिवशी दगडावर आपटते आणि भिंगांची ओळ बिघडून एकाचे दोन दिसायला लागतात.

मोजणी शिकवायची तर वर्गात तांदळानं शिकवा. काळ्या कागदावर मूठभर तांदूळ टाकायचे, तीन सेकंद दाखवून झाकायचे आणि अंदाज विचारायचा. बहुतेक मुलं निम्मा आकडा सांगतात. मग दहा दाणे मोजून त्या दहांचा 'गठ्ठा' डोळ्यांत बसवायचा आणि असे किती गठ्ठे ते मोजायचं. थवा मोजायची पद्धत हीच.

दुसरा एक गृहपाठ मुलांना फार आवडतो: घरातल्या म्हाताऱ्यांना पक्ष्यांची नावं विचारून आणायची. पुस्तकातलं नाव एका रकान्यात, आजीचं नाव शेजारच्या रकान्यात. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत ही नावं जाऊ शकतात, म्हणजे गृहपाठ कचऱ्यात जात नाही.

परवानग्या: मुख्याध्यापकांचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं आणि वनखात्याची प्रवेश परवानगी. मुलींच्या गटासोबत शिक्षिका हवीच. पाण्याजवळ न्यायचंय, तेव्हा काठापासून किती लांब थांबायचं ती ओळ चुन्यानं आखून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात वर्गातली पहिली भेट घेतली तर शाळेला कार्यक्रम दाखवता येतो, परवानगीही लवकर मिळते. काठावरच्या भेटी मात्र जानेवारीपासून पुढे ठेवा.

हिशेबनीस

२०० रुपयांकडे येतो. हा पैसा तुम्ही सहलीच्या बिलात घेणार असाल तर तो तुमच्या सेवेच्या किमतीचाच भाग धरला जाईल आणि त्यावर जीएसटी लागेल. टूर ऑपरेटरचा दर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता ५ टक्के. म्हणजे २०० करासकट असतील तर १,४४,००० पैकी हातात साधारण १,३७,००० राहतील. बजेट त्यावर करा.

पाहुण्यांना 'तुमची देणगी' म्हणू नका. ८०जीची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती नोंदणीकृत संस्थाच देऊ शकते, तुमची कंपनी नाही. कुणी पावती मागितली की पंचाईत होते. बिलावर 'यातील २०० रुपये अमुक कामासाठी' एवढं छापा आणि कामाचं नाव लिहा. नुसतं 'निसर्ग संवर्धन' नको.

वन कर्मचाऱ्याच्या हातात रोख द्यायची नाही, कितीही चांगला माणूस असला तरी. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बँक खात्यावर, ठराव घेऊन. नसेल तर साहित्य स्वतः विकत घ्या आणि बिलं स्वतःच्या नावावर ठेवा. वर्षातून दोनदा ग्रामसभेत एक पानी हिशेब वाचून दाखवा. तिथं प्रश्न कडक येतात आणि ते आलेले बरे.

मोठ्या हॉटेलांकडून सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी) मिळेल या भरवशावर राहू नका. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू व्हायला नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीतरी असावं लागतं. तुम्हाला ते लागू नाही, त्यामुळे तुमच्या २०० रुपयांना 'सीएसआर' म्हणणंही बंद करा.

गाइडची फी या निधीतून देऊ नका. तो तुमचा धंद्याचा खर्च आहे. बऱ्याच कंपन्या गाइडचे पैसे निधीतून देऊन 'स्थानिक रोजगार' असं अहवालात लिहितात.

वेरूळवाट

हे शेवटचं आमच्याही डोक्यात होतं, कबूल. काढून टाकलं. गाइडचं विचारतो: चार स्थानिक मुलं घ्यायची आहेत. आणि फोटोग्राफर मंडळी खासगी शेतात लपणघर (पक्ष्यांना न दिसता फोटो काढायचा आडोसा) मागतात, ते करावं का?

पाणकावळा

६० फेऱ्या चौघांत वाटल्या तर प्रत्येकाला १५ येतात. फेरीला ८०० दिले तर हंगामाचे १२,०००. यावर घर चालत नाही, तेव्हा 'पूर्ण वेळ रोजगार' असं त्यांना सांगू नका. दोघं घ्या, ३०-३० फेऱ्या द्या. त्यांच्याच गावात जेवण ठेवा, म्हणजे आणखी एका घरात पैसा जाईल. मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा मिळाला तर सोनं. पाणी कुठं किती आहे ते त्याला पावलांनी माहीत असतं. फाटकी नायलॉन जाळी काठावर पडलेली असतात, त्यांत पक्ष्यांचे पाय अडकतात. ती गोळा करायचं काम किलोवर दर ठरवून त्याच्याकडंच द्या.

टिप हा सगळ्यात छुपा घोळ. 'रोहित जवळून दाखवलास' म्हणून ५०० मिळाले की पुढच्या वेळी तो आणखी जवळ नेतो. टिप एका डब्यात, महिनाअखेर सारखी वाटणी, आणि हे पाहुण्यांना गाडीतच सांगायचं.

लपणघराला माझा विरोध नाही, पण निगा झेपणार असेल तरच. पाण्याची बशी दोन-तीन इंचांपेक्षा खोल नको. दर दोन दिवसांनी पाणी ओतून टाकून ब्रशनं घासायची, उन्हात वाळवायची, मग भरायची. शंभर पक्षी एकाच बशीत तोंड घालतात, रोग तिथूनच पसरतो. अळ्या, दाणे, आवाज वाजवून बोलावणं, यातलं काही नाही. आणि घरट्यावर लपणघर कधीच नाही.

कलम_नऊ

कायद्याचं थोडक्यात, कारण इथं गैरसमज बराच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधली 'शिकार' फक्त मारण्यापुरती नाही. कलम २(१६) मध्ये पाठलाग, हुसकावणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही येतं. काळविटांच्या कळपामागं जीप पळवून व्हिडिओ काढणं ही 'सफारी' नाही. काळवीट पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतलं आहे, आणि तिथं शिक्षा ३ ते ७ वर्षं. गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर येतो तसा ती पाठवणाऱ्यावरही येऊ शकतो. अभयारण्यात शिरायला कलम २८ ची परवानगी, ड्रोनला वेगळी. खासगी माळावर रात्री प्रखर दिवे घेऊन फिरणं पॅकेजमध्ये लिहूच नका.

रानवाट_जालना

गौताळ्यात आणि येडशीला वाघ आला होता की. मग वाघाच्या नावानं गर्दी खेचून पैसा उभा करता येणार नाही का?

बालाघाटकर

गौताळ्यातला २०२१ चा आणि येडशी रामलिंग घाटातला २०२४ अखेरचा, दोन्ही यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडून शेकडो किलोमीटर चालत आलेले एकांडे नर. येडशीचं अभयारण्य २२ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, गावं आणि मेंढ्यांचे कळप यांच्या मधोमध. अशा वाघाला लागते ती शांतता. जाहिरात केली की शंभर गाड्या येतील, वाघ उसात शिरेल आणि एखादा मेंढपाळ संकटात सापडेल. वाघ, लांडग्याची बीळ, तरसाची घळ यांचं ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही. फोटो टाकलात तर निदान महिन्याभरानं, आणि तालुक्याचं नावही न घेता.

माळटिटवी

गौताळ्यासाठी एक बिनखर्चाचं काम सुचवते. कन्नडच्या घाटरस्त्यावर आणि अभयारण्याच्या आतल्या रस्त्यावर गाडीखाली मेलेले प्राणी तुमच्या ड्रायव्हरला दर फेरीत दिसतील. तारीख, वेळ, मोबाइलचं लोकेशन आणि शेजारी पेन ठेवून एक फोटो, एवढं टिपायचं. साप, बेडूक, सरडेसुद्धा, नुसता बिबट्या नाही. वळणावर उतरायचं नाही, गाडी पुढं सुरक्षित जागी लावूनच. नोंदी वर्षभर साठल्या की गतिरोधक नेमके कुठं हवेत ते दाखवणारा कागद तयार होतो.

आणि पितळखोऱ्याला जाणार असाल तर लेण्यांतल्या वटवाघळांवर टॉर्च आणि फ्लॅश नाही. माकडांना केळी-बिस्किटं नाहीत. वेरूळ-म्हैसमाळला त्यांना गाडीची खिडकी उघडायला आपणच शिकवलंय.

वेरूळवाट

सगळ्यांचे आभार. कच्चा हिशेब असा मांडलाय, तपासा. हातात १,३७,०००. दोन विहिरी ६०,०००. आठ दुर्बिणी, ५,५०० प्रमाणे ४४,०००. घरट्यांसाठी ४० गुणिले ३०० म्हणजे १२,०००. दोन शाळांच्या काठावरच्या मिळून चार भेटींना गाडी १८,०००. नोंदीचे कागद, चुना, छपाई ३,०००. फलक आणि टी-शर्ट रद्द.

हिशेबनीस

शाळेच्या गाडीचे १८,००० कशाला? मंगळवार-बुधवारी गाड्या उभ्याच असतील. डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता तेवढाच निधीला लावा, भाडं नको.

खडूफळा

त्यातून वाचलेल्यात एक दूरदर्शिका (तिपाईवर लावायची मोठी दुर्बीण) बसत नाही, पण कमी उंचीची मजबूत तिपाई घेऊन ठेवा. मोठ्यांच्या उंचीला लावलेल्या तिपाईवर सहावीची मुलं टाचा उंचावून बघतात आणि सगळं हलवून टाकतात.

गाळपेर_पैठण

३०० टिटवीला ठीक आहे. सुरयच्या अख्ख्या पट्ट्याचं वेगळं बोला, पेरायच्या आधी बोला. पाणी हटल्यावर आलात तर तोवर आम्ही बी टाकलेलं असतं.

बालाघाटकर

६०,००० मध्ये कडेला चिकटून बांधलेले दोन कठडे बसतात. दोन फूट मागं सरकलात, तर माझ्या वरच्या मापानं प्रत्येकी पाच-सहा हजार वाढतील. एक विहीर विटेची आणि एक जाळीची करा, मग बसेल.